शर्टातली केळी

वानरं असतात तिथं हातात पिशवी नेऊ नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी केळी शर्टाच्या आत घातली.

निमित्त होतं आमच्या मंजूचं लग्न जमवण्याचं. मुलगा गंगाखेडचा. त्याचा निरोप आला, "घरी चहा-पोहे नकोत, बाहेर कुठंतरी भेटू." मी लगेच चारठाण्याची जुनी पडकी देवळं सुचवली. (तिथल्या शिल्पांवर मला तासभर बोलता येतं!) मंजूला फोटोतच मुलगा आवडलेला. त्यामुळे घरात एकच धाक होता, बाबांनी काही घोटाळा करू नये.

मी खांबावरची नक्षी समजावत होतो. मुलाची आई गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. तेवढ्यात शिखरावरून एक थोराड हुप्प्या उतरला आणि त्यानं डॉक्टरासारखा माझ्या पोटावर हात ठेवला.

"पाव्हणे, हलू नका!" मुलाचे वडील ओरडले.

"काय हाय शर्टात?" बायकोनं दात आवळून विचारलं.

"केळी. महादेवासाठी."

"अवो, मग द्या की त्याला!"

"देवाच्या आधी?" मी तत्त्वाला चिकटून राहिलो. हुप्प्या शर्टाला चिकटला.

बटणं तुटली, केळी सांडली, सगळी टोळी धावून आली आणि हुप्प्या माझा नवा शर्ट घेऊन पुन्हा शिखरावर! होणाऱ्या व्याह्यांपुढे मी बनियनवर. तेही बायकोनं फरशी पुसायला काढून ठेवलेलं!

मोडलं स्थळ! मला मंजूकडे बघवेना. ती मात्र ओढणी खोचून पुढे झाली. पर्समधला शेंगदाण्याचा लाडू तिनं ओट्यावर ठेवला. हुप्प्या शर्टासकट खाली आला. त्यानं लाडू उचलला अन् मुलानं झडप घालून एक बाही धरली.

"ओढा ना!" दुसरी बाही धरत मंजू ओरडली.

"ओढायलोय की!"

शर्ट सुटला. दोन भागांत! एकेक भाग हातात घेऊन दोघं हसत ओट्यावर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला. "मुलगी पसंत हाय. आमच्या पोराला इतकं हसताना मी कधी बघितलंच न्हाई."

"बघ, माझ्यामुळं जमलं!" मी बायकोला ऐटीत म्हणालो.

"जमलं, लय चांगलं झालं," ती म्हणाली. "पण माझ्या वडलांनीबी मला द्यायच्या आधी तुमाला एकदा वानरांत नेऊन बघायला पाहिजे होतं!"