आबांनी मारलेला चुना

जुन्या महालाच्या दिवाणखान्यातला चुना काढून खालची नक्षी मोकळी करायचं काम जुनी चित्रं-नक्षी जपणाऱ्या आमच्या गटाला मिळालं. त्या आठवड्यात पडेगावच्या घरी जेवताना मी आबांना, माझ्या वडिलांना, फोनवरचा फोटो दाखवला. पांढऱ्या भिंतीत तळहाताएवढा तुकडा मोकळा झाला होता, निळ्या रंगावर सोनेरी वेल दिसत होती.

त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"ही मोठ्या कमानीची खोली नव्हं? तिथं चुना म्याच मारलाय."

"तुम्ही?"

"तुझ्या जन्माच्या आधी. कुणी मोठा साहेब येणार हुता. मुकादम म्हणला, भिंती काजळल्यात, पांढऱ्या करा."

"वेल दिसत नव्हती का?"

"दिसत हुती की. लई देखणी हुती." ते घास चावत राहिले. "पर आमाला कोण इचारतं?"

आईनं माझ्या ताटात भात वाढला.

पुढं बरेच दिवस आबांनी तो विषय काढला नाही. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. "मला बी ने."

गुडघ्यांमुळं त्यांना परांचीवर चढणं जमणार नव्हतं, म्हणून भिंतीच्या खालच्या पट्ट्याजवळ त्यांना स्टूल दिलं. उरलेल्या चुन्यावरून त्यांनी बोटं फिरवली. आमच्या प्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, चुन्याखाली होतं म्हणून हे सोनं टिकलं. चुन्याविना उघड्या राहिलेल्या कोनाड्यातलं पार गेलंय."

"टिकावं म्हणून नव्हता मारला, बाई," आबा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली.

मी पात्यानं चुन्याची खपली सैल करायची आणि आबांनी मऊ ब्रशनं भुगा झाडायचा, असं दुपारपर्यंत चाललं. एक फूल निम्मं उघडलं आणि पुढची पाकळी चुन्याबरोबरच निघून आली. माझा हात थांबला.

"आता गं?"

"आता तिथं पुसटसा रंग द्यायचा. गेलेलं गेलं, हे दिसलं पाहिजे."

"नवं सोनं नाय लावायचं?"

"नाही."

"बरं करता," म्हणून त्यांनी पुन्हा ब्रश उचलला.

मागच्या हिवाळ्यात दिवाणखाना लोकांसाठी खुला झाला. मी आई-आबांना घेऊन गेले. आई छताकडं बघत होती. आबा शेजारच्या एका अनोळखी बाईंना सांगत होते, "इथं चुना म्या मारला हुता. अन् काढला माझ्या लेकीनं."

त्या बाई नुसत्याच हसल्या. म्हातारं माणूस काहीतरी बोलतंय, असं त्यांना वाटलं असावं. मी पुढं झाले.

"खरंय ते," मी म्हटलं. "हे माझे वडील."

मग त्यांनी आबांना विचारलं, "कोणती भिंत?" आणि आबा त्यांना दाखवायला घेऊन गेले.