नाथाच्या फळ्यावरचा वाढदिवस

नाशिक रोडला बिटको चौकाच्या अलीकडे नाथा भोयेचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच गाणं सांगायचं. पण दारावर एक फळा टांगलेला असे, आणि नोटांच्या प्रेसमध्ये कामाला जाणारे आम्ही लोक सायकलवरून मान वळवून तो वाचायचो. आज अमक्या गवयाची जयंती, तमक्या सतारियाचा वाढदिवस, फलाण्या संगीतकाराची पुण्यतिथी. ज्याचा दिवस, त्याची कॅसेट दिवसभर. पुण्यतिथीच्या दिवशी कुणी वरातीची गाणी मागितली तर नाथा शांतपणे म्हणायचा, "उद्या या." ही काय धंदा करायची रीत झाली? मी शंभरदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातून त्याचा एक खुळा समज होता. मोठा कलावंत ज्या तारखेला जन्मला, त्या तारखेला जन्मणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या सुरातला चिमूटभर सूर येतो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास त्याने जाहीर केलं की फळ्यावरच्या कलावंताबरोबर ज्याचा वाढदिवस असेल, त्याला एक गाणं फुकट भरून मिळेल. कधीमधी एखादा यायचा, खूश होऊन जायचा.

मग एक जून उजाडला आणि अर्धं नाशिक रोड दारात उभं राहिलं. प्रेसमधले, रेल्वेतले, सातपूरला कारखान्यात जाणारे, आणि त्या गर्दीत मीसुद्धा. आमच्या पिढीला जन्मतारीख आईबापांनी नाही, शाळेने दिली. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे.

नाथा भांबावून माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, मला वाटायचं हे फक्त आमच्या पेठच्या आश्रमशाळेत झालं. डोंगरातली पोरं म्हणून."

"अरे, मी बागलाणातला. माझाही एक जूनच."

"मग माझा खरा दिवस कुठला? मी कुणाबरोबर जन्मलो?"

नाथाचा स्वतःचा गळा म्हणजे कारखान्याचा फाटका भोंगा. त्यामुळे त्याच्या वाट्याला नेमकं कोण आलं, याची मलाही उत्सुकता होती. मी हसलो. तो हसला नाही. त्यानंतर दरवर्षी एक जूनला फळा कोरा राहायला लागला.

त्याची आई मालनबाई पेठच्या पुढे पाड्यावर एकटी राहायची. नाथाने विचारायचं अनेक वर्षं उद्यावर ढकललं. पुढे ती विसरायला लागली. तव्यावर भाकरी टाकून शेजारी जाऊन बसायची, भेटायला गेलेल्या सुनेला बहीण समजायची. तेव्हा नाथा घाबरला. "भाऊ, तिच्या डोक्यातनं जायच्या आत मला ते पाहिजे," म्हणाला. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात आम्ही एसटीने निघालो. माझ्या पिशवीत जुनी पंचांगं, त्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर.

मालनबाईने गूळ-पाणी दिलं आणि एका दमात सांगितलं, "बोहाडा व्हता. गणपतीचं सोंग नाचत व्हतं. बारकूच्या संबळाचं कातडं फाटलं, न तू झालास."

बोहाडा म्हणजे तिकडचा मुखवट्यांचा उत्सव. एकामागून एक देवांची, राक्षसांची सोंगं संबळाच्या ठेक्यावर नाचतात. मी उत्साहाने पंचांग उघडलं. "कुठली तिथी असते बोहाड्याची?"

"गाव बसून ठरवल ती."

"दरवर्षी वेगळी?"

"येखाद्या साली नाय पन व्हत."

मी पंचांग मिटलं. चहा झाल्यावर तिने गणपतीच्या जागी रावण नाचवला. मग म्हणाली, कातडं फाटलं ते धाकट्याच्या वेळी. नाथाला धाकटा भाऊच नाही. एक गोष्ट मात्र तिने बदलली नाही: "झाला तसा बोंबलला हा. सारं गाव जागं केलं."

बारकू अजून होता, चार घरं सोडून. हात थरथरत होते, पण बोलणं खणखणीत. सगळं ऐकून त्याने मान हलवली.

"कातडं नाय फाटलं. मी थांबलो व्हतो. तू झालास, पन रडंना. निळा पडलास. गाव म्हनलं, वाजाप बंद कर. मंग सुईन भाईर आली न वरडली, वाजव रं बारक्या, उंबऱ्यात येऊन वाजव. हात सुजंस्तवर वाजवलं. मंग रडलास."

"पण आई तर म्हणते..."

"ती काहीबी म्हनल. आय हाय ती."

"साल कुठलं, बारकूबाबा? महिना?"

"बोहाड्याचा."

"आणि तुमचा जन्म कधीचा?" मी उगाच विचारलं.

"सांगनारी मेली," म्हातारा म्हणाला आणि संबळ ओढून बसला. नाथाने टेप चालू केला.

परतताना आम्ही दोघेही गोंधळलेले होतो. दोघांपैकी खरं कोण? आईवर विश्वास ठेवावा तर रावण आडवा येतो, बारकूवर ठेवावा तर आई खोटी ठरते. तारीख तर दोघांकडेही नव्हती. मला नाथाची फार दया आली.

पुढे बारकू गेला. कॅसेट गेल्या, एमपीथ्रीच्या सीड्या आल्या. नाथाने आईला नाशिक रोडला आणलं. ती दिवसभर दुकानात स्टुलावर बसायची, कुणालाच ओळखायची नाही.

एका एक जूनला नाथाच्या मुलीने, तृप्तीने, कोऱ्या फळ्यावर खडूने लिहून टाकलं: आज वाढदिवस, नाथा भोये. "पप्पा, आता तुमची कॅसेट लावा," ती हसत म्हणाली. नाथा जरा घुटमळला, मग जुना टेप काढून त्याने बारकूचा संबळ लावला.

ठेका सुरू झाला आणि मालनबाईने माझं मनगट घट्ट धरलं. मला ती सुईण समजत होती.

"रडलं का गं पोर?"

मी नाथाकडे पाहिलं. तो काउंटरवरून पुढे वाकला.

"रडलं, आये," तो म्हणाला.

"खोटं बोलता. मला आयकू नाय आलं." तिची नखं माझ्या कातडीत रुतली. "रडलं का?"

नाथा काउंटरच्या बाहेर आला, तिच्यासमोर खाली बसला आणि त्या फाटक्या भोंग्याने रडायला लागला. आधी तिला ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्याने. मग त्याला थांबताच येईना. रस्त्यावरची माणसं उभी राहिली.

मालनबाईची पकड सुटली. तिने हात पुसल्यासारखे केले आणि म्हणाली, "बास करा आता वाजाप. निजू द्या त्याला."

तृप्तीने टेप बंद केला.