अक्कांचं पाणी

हे मी आजवर कुणाकडे बोललेली नाही. ह्यांच्याकडे नाही, माहेरी नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा सरळ नाव घेतलं नाही मी ह्याचं. तुम्हाला सांगते. विषय जरा घाण आहे, पण नाक धरू नका. नाक धरणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आम्ही त्यांना साक्रीकडच्या गावाहून धुळ्याला आमच्या घरी आणलं. अक्का म्हणायचे सगळे त्यांना. जन्मभर शेतात राबलेली बाई — ज्वारीची भाकर, पालेभाजी, वर तांब्याभर पाणी एका दमात. पोटाची तक्रार कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं त्यांना. खाटेवर पडल्या आणि पोट आवळलं. दिवसचे दिवस शौचाला होईना.

पाहुणे यायचे. टेकले की पहिला प्रश्न — पोट साफ होतं का? आणि प्रत्येकाकडे औषध तयार. कुणाचं एरंडेल, कुणाचं हरड्याचं चूर्ण. पहूरच्या नणंदबाई केळ्यांची फणी घेऊन आल्या, नाकाला पदर लावून बसल्या, इसबगोलाचा डबा माझ्या हातात देऊन "रोज देत जा, वहिनी" म्हणाल्या आणि गेल्या. सांगायला काय जातं हो? अंगाखाली भांडं कोण सरकवतं, धुतं कोण, चादरी कोण बदलतं — विचारलं एकानं तरी? पोटचा मुलगा बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचा. आईचं मी कसं करू, म्हणे. मग मी काय आहे, यंत्र?

राग येतो अजून. पण ह्याच रागाआड मी इतकी वर्षं लपत आलेय, आणि तेच सांगायला बसलेय.

मी अक्कांचं पाणी कमी केलं.

एकदम नाही. आधी संध्याकाळचं — रात्री उठायला नको म्हणून. मग दुपारचं. उशाशी तांब्या असायचा, तो उचलून ओट्यावर ठेवला. सांडेल, म्हटलं. भाकर-भाजी बंद केली, मऊ भात, तोही चार घास. कमी खातील तर कमी काढावं लागेल — असा माझा हिशेब. मे महिना, धुळ्याचं ऊन, कूलर नुसत्या वाफा फेकतोय, म्हातारं माणूस पाणी मागतंय, आणि मी म्हणतेय, आत्ताच तर दिलं ना अक्का? नव्हतं दिलं. हळूहळू त्यांनी मागणंच सोडलं. कळलं नसेल त्यांना?

इसबगोल मात्र रोज. नेमानं. घोटभर पाण्यात कालवून, चमच्यानं. करते ना मी सगळं? त्या भुशाला भरपूर पाणी लागतं, नाहीतर तोच आत घट्ट बसतो. हे डब्यावर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं.

मग पोट फुगलं. ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर घरी आले. हातमोजा घालून त्यांना बोटांनी खडे काढावे लागले. अक्का ओरडल्या नाहीत. उशीचं टोक दातात धरून पडून राहिल्या, आणि मी त्यांचे पाय धरून उभी. हात धुताना डॉक्टर भडकले. ह्यांना पाणी कोण देतं? दिवसभर थोडं थोडं पाणी, भाकर-भाजी, सकाळी कोमट पाणी पाजून ठरल्या वेळी आधार देऊन बसवणं, पडल्या पडल्या पाय हलवायला लावणं — एवढं केलं असतं तर ही वेळ आली असती का?

अक्काच बोलल्या. "तिले बोलू नका, डाक्टर. ती देस. मीच पेत नही."

ह्यांनी उलट आईलाच झापलं. ती एवढं करते तुझं, तुला साधं पाणी प्यायला काय होतं? आणि मी? तिथं तोंड उघडायला हवं होतं ना मी? उघडलं. म्हटलं, "कितीदा सांगते हो, ऐकतच नाहीत."

हेच ते. पाणी तोडलं ते दमले होते म्हणून, असं म्हणता तरी येईल. हे कशावर ढकलू? त्या घटकेला मी दमलेली नव्हते. चांगली शुद्धीत होते. नणंदबाईंनी पुढे सगळ्या गणगोतात सांगितलं — सून असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकलं, पदर सारखा केला. त्या पदर सारखा करणाऱ्या बाईची मला किळस येते.

तांब्या परत उशाशी आला. भाकर आली, पालेभाजी आली. पोट सुधारलं. अक्का त्यानंतर दोन पावसाळे जगल्या. ह्यांनी पाणी दिलं तर घटाघटा प्यायच्या. माझ्या हातचा पेला मात्र ओठाला लावायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या. "पिऊ का?" विचारायच्या. शेवटपर्यंत विचारत होत्या.