सुरेशच्या वाट्याचे सूर

नीळकंठराव खांबेट्यांना राग यायला निमित्त लागत नसे. या वेळी मात्र निमित्त सज्जड होतं. लष्करी बँडमधून निवृत्त होऊन ते पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत भावाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले आणि कामगारांचा बँड त्यांनी उभा केला. पाळी संपवून आलेल्या, हाताला ग्रीसचा वास असलेल्या माणसांना त्यांनी शिव्या घालघालून क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट शिकवलं. त्यांच्यासाठी चाली रचल्या, त्याही माणूस बघून. ज्याचा दम कमी, त्याला लांब सूर नाही. सुरेशच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेलेली. ट्रम्पेटची तिसरी कळ दाबायला बोटच नव्हतं. म्हणून तिसऱ्या कळीचे सूर वगळून नीळकंठरावांनी अख्खा मार्च बांधला आणि सुरेश तो वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत छाती काढून वाजवत आला.

कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला, तशी वसाहतीच्या कलामंडळाच्या चिटणीसांना, गोपीनाथ इंजिनियरना, ही चाल अपुरी वाटू लागली. त्यांनी शहरातल्या एका वादकाकडून ती परस्पर भरून घेतली आणि सुरेशच्या जागी त्यालाच उभं केलं.

"काका, मधले सूर सुटले होते, ते दुरुस्त करून घेतले," गोपीनाथ म्हणाले.

"सुटले नव्हते, मी सोडले होते! माणसासाठी सोडले होते. आणि तुम्ही माणूसच काढलात?"

"अहो, मोठे पाहुणे येणार आहेत. सुरेशला पुढच्या खुर्चीचा पास दिलाय ना."

"चुलीत घाला तो पास!" हातातली बॅटनची छडी टेबलावर आपटून नीळकंठराव घरी गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सुरेशच स्कूटर घेऊन दारात उभा राहिला. "सर, चला ना. आपलीच चीज आहे शेवटी." त्याचं मन मोडवेना, म्हणून ते गेले.

मार्च सुरू झाला. एखादा तरी सूर घसरावा म्हणून नीळकंठराव दातओठ खात ऐकत होते. घसरला नाही. चाल पूर्वीपेक्षा भरदार वाजत होती. त्यांचा कान काही खोटं बोलायला तयार होईना, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

शेजारी सुरेश गुडघ्यावर ताल धरून बसला होता. तो वाकून म्हणाला, "सर, आता कुठे पुरी झाली ना?"

"गप्प बस!" नीळकंठराव इतक्या मोठ्यानं खेकसले, की आजूबाजूचे पाहुणे वळून बघू लागले.

ताल धरलेला उजवा हात सुरेशनं हळूच खिशात घातला.