हाताला गुण नाही

अगं, जरा कान दे इकडं. दोन वर्षं सुप्याला फिरकली नाहीस, शोभतं का हे?

तुला त्या पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्याचं सांगते. नाव त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सूनबाईच्या तळहाताएवढ्या डायरी-यंत्राचे सेल संपत आले होते. संपले की आतले सगळे पत्ते पुसले जाणार, आणि ते बारके सेल सुप्यात मिळेनात. पत्ते कॉम्प्युटरवर तिच्या खात्यात उतरवायचे, तर तिथं नेहमीच्या विंडोजऐवजी ते लिनक्स. तिनं वायर जोडली की 'परवानगी नाही' अशी इंग्रजी ओळ यायची.

हा खुर्चीत बसायचा, बोटं मोडायचा, आणि यंत्र लगेच जोडलं जायचं. उठला की बंद. "वहिनी, तुमच्या हाताला गुण नाही," म्हणायचा आणि चहा मागायचा.

तिसऱ्या चहाला मी त्याच्या पाठीशीच उभी राहिले. बसल्याबरोबर तो वेगळंच नाव टाकत होता.

"हे कुणाचं नाव?"

"कॉम्प्युटरमधल्या मालक-खात्याचं, मावशी. मालकाला सगळं उघडं असतं."

"आणि सुनेला?"

"त्यांच्या नावाला वायर जोडायची खाच वापरायची परवानगी कुठाय?"

"मग द्या की. हाताला कशाला नावं ठेवता?"

बोटं न मोडताच त्यानं एक ओळ लिहिली. सूनबाई बसली, पत्ते भराभर उतरले.

जाताना म्हणाला, "कायम मालक म्हणूनच शिरतो हो. दुसऱ्याला परवानगी लागते, हे ध्यानातच राहत नाही."

असली माणसं मी कॉम्प्युटर यायच्या आधीपासून बघतेय.

तुझाही पत्ता वाचलाय त्यात. नुसता पत्ता ठेवून मी काय करू? तूच ये लवकर.