कडीला बांधलेली चिंधी

“नवस बोलली अन् फेडला न्हाई... भोवलं तिला,” आत्या भांडी लावता लावता माझ्या आईला सांगत होती. काकीला जाऊन महिना झाला होता. अवसरीच्या घरात मासिकाचा स्वयंपाक चालला होता आणि मी उंबऱ्याशी शेंगा सोलत बसले होते. आत्या बघत होती ती स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीकडे. काकीने त्या कडीला जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधली होती, हात आत जाईल असा मोठा फास ठेवून.

मंचरच्या इंग्लिश शाळेत शिकलेली, कोपऱ्यात बसणारी पुतणी, अशी माझी घरात ओळख. “बोल की गं” असं मला सगळे म्हणायचे. काकी कधी म्हणाली नाही. नुसती शेजारी बसवून घ्यायची. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका असायचा, मला तो अंगणातूनही ओळखू यायचा. टोमॅटोच्या दिवसांत तर क्रेट भरताना तिचा हात नुसता चालताना दिसायचा, थांबायचा नाही. मग दोन हजार सहाचा तो साथीचा पावसाळा आला. अर्धी आळी तापाने आडवी झाली. ‘चिकनगुण्या’ हे नाव ऐकून काकाने घरातल्या कोंबड्या विकून टाकल्या. पुढे सगळे उठले. काकीचा तापही गेला, पण सांधे सुटले नाहीत. सकाळी बोटं मिटायची नाहीत, भाकरीच्या कडा फाटायच्या.

मंचरला रक्त तपासलं, हाताचा फोटो काढला. रिपोर्ट वाचायला मला बसवलं. सगळीकडे ‘नॉर्मल’ लिहिलं होतं, मी तेच वाचलं. तो शब्द घरात मुक्कामालाच आला. “समद्यांना झाला व्हता, समदी उठली,” आत्या म्हणायची, “अन् हिचं तर नार्मल हाय म्हणत्यात!” काकी हसून म्हणाली, “कागदाला नसंल दुखत, वन्सं.” पुढे कुणीतरी सुचवलेल्या ठिकाणी सुया सुरू झाल्या, सोबत पुडीतल्या गोळ्या. सुई घेतली की चार दिवस हात चालायचे. चेहरा मात्र सुजत गेला. गोळी ती उपाशीपोटीच घ्यायची, कारण पहाटेच्या कामाला हात हवे असायचे.

चिंध्या त्याच काळातल्या. कडीला, पिंपाच्या झाकणाला, फडताळाला. बोटांनी धरवत नसे, मग फासात मनगट घालून ती ओढायची. आत्या आली की सोडून टाकायची, “घराला काय चिंध्या लावल्यात?” एकदा काकी शांतपणे म्हणाली, “नवस हाय, वन्सं. लेण्याद्रीच्या गणपतीचा.” त्यानंतर कुणी हात लावला नाही. मी बघत राहिले, तर मला हळूच म्हणाली, “दुखतंय म्हनलं की हसत्यात. नवसाला कोन हसनार? देवानं फेडायचं इचारलं तर सांगू, पायऱ्या चढवत न्हाईत, तूच खाली ये बाबा.”

शेवटी नारायणगावच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी तिचे हात हातात घेतले. एकेक सांधा दाबून पाहिला. ताप कधी आला, पुरळ उठलं होतं का, सकाळी बोटं किती वेळ आखडतात, सगळं विचारलं. म्हणाले, ताप त्या साथीचाच. विषाणू जातो, सांध्यांची सूज काहींना महिनोन्महिने राहते, आणि या रक्ततपासण्यांत ती दिसेलच असं नाही. “तुमचं दुखणं खरं आहे, ताई.” काकीने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “ह्यांना आत बोलवून सांगा ना...” पण काका रस्त्यावर जीप थांबवायला गेला होता. हे ऐकलं ते फक्त मी. सुया, गोळ्या आजपासून बंद, पोटाची तपासणी लगेच करा, असंही डॉक्टरांनी बजावलं. तपासणीच्या आधीच, दोन दिवसांत, तिला रक्ताची उलटी झाली. गोळ्यांनी पोटात जखम केली होती. पुण्याला पोचेपर्यंत...

“लेण्याद्रीला नेऊन सोडू ही. अपुरा नवस घरात नको,” म्हणत आत्याने कडीची गाठ सोडायला घेतली. घासून घासून काळी पडली होती ती चिंधी. मी उठले. शेंगा सांडल्या. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“नवस नव्हता तो, आत्या. काकीला मूठ वळत नव्हती.”