आत्याच्या वहीतलं पूर्ण वाक्य

माझ्या आत्याने एकवीस वर्षं नोकरी केली ती कानांच्या जोरावर. बसस्टँडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, एका दैनिकाचं विभागीय कार्यालय होतं. आसपासच्या गावांतले वार्ताहर दुपारी चारनंतर फोन करायचे आणि आत्या कानाला हेडफोन लावून त्यांची बातमी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची. कुणी घाईघाईत सांगायचा, कुणी सुताराच्या दुकानातून, मागे करवत चालू असताना. एक वार्ताहर अडखळत बोलायचा. त्याचा फोन आला की बाकीचे इकडेतिकडे बघायला लागायचे. आत्या म्हणायची, "द्या इकडे. वेळ लागतो, पण त्याची बातमी कधी खोटी निघत नाही."

आमच्या भागासाठी त्या दैनिकात तेव्हा चार पानं असायची. कुठला रस्ता मंजूर झाला, कुठल्या शाळेचं छप्पर गळतं, नगरपालिकेच्या सभेत कोण कुणावर धावून गेलं, सगळं त्यात. नगरसेवक सभेत तोंड उघडण्याआधी पत्रकारांच्या खुर्च्यांकडे बघून घेत. मग चाराची दोन पानं झाली, दोनाचं एक, आणि शेवटी गाद्यांच्या जाहिरातीखाली दोन बोटं जागा उरली. वार्ताहर मोबाइलवरूनच मजकूर पाठवू लागले. एके दिवशी मुख्य कार्यालयातून पत्र आलं आणि आमचं कार्यालय बंद झालं. उपसंपादक डोळे पुसत होते. आत्या कपाटातल्या कोऱ्या वह्या पिशवीत भरत होती. "एवढ्यावर माझा हक्क आहे," म्हणाली.

घरी बसणं तिला जमेना. आतोबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती तिथे जाऊन कागदांच्या थप्प्या लावू लागली, गिऱ्हाइकांच्या अर्जांतलं शुद्धलेखन सुधारू लागली. एका माणसाचा राजीनामा तिने इतका सुधारला की त्याने तो द्यायचाच रद्द केला. महिनाभराने आतोबांनी हात जोडले. "अगं, तू कुठेतरी जा. कुठेही जा. त्या नगरपालिकेच्या सभेला जाऊन बस हवं तर."

ते चेष्टेत म्हणाले होते. आत्या खरंच गेली.

सभा सगळ्यांना खुली असते, पण हे फक्त नियमांच्या पुस्तकाला माहीत. सभागृहाच्या मागच्या बाजूला पत्रकारांच्या दहा-बारा खुर्च्या होत्या. त्यांवर आता मोडके लाउडस्पीकर ठेवलेले. आत्याने एक खुर्ची रिकामी केली, रुमालाने पुसली आणि वही उघडली. दर मंगळवारी. जे कानावर पडेल ते शब्दन् शब्द लिहायचं, एवढंच तिला येत होतं.

नगराध्यक्ष तेव्हा नवे होते. हसतमुख, इस्त्रीचे कपडे, सोबत स्वतःचा व्हिडिओवाला. सभेचा पहिला अर्धा तास ते भाषण करायचे, तेही सदस्यांकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघून. व्हिडिओवाला निघून गेला की खरं काम सुरू व्हायचं. पुढचे तीन तास कोण काय बोललं हे बाहेर कुणालाच कळत नसे. एकदा जिन्यात त्यांनी आत्याला गाठलं.

"बाई, तुमचा पेपर तर गेला. आता कुणासाठी लिहिता?"

"सवय आहे हो."

"आम्ही आता थेट लोकांशी बोलतो. मध्ये कुणी लागत नाही."

"बरं," आत्या म्हणाली. घरी येऊन मात्र म्हणाली, "माणूस वाईट नाही. आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहतो, एवढंच."

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. आणि एका बुधवारी सकाळी माझ्या मोबाइलवर नऊ सेकंदांचा व्हिडिओ आला. सभागृहात बसलेल्या कुणीतरी आदल्या दिवशी काढलेला. त्यात नगराध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणत होते, "टेकडीवरच्या वस्तीला पाणी मिळणार नाही! हे मी स्पष्ट सांगतो." तासाभरात तोच व्हिडिओ पाच ठिकाणांहून आला. खोटं कशाला सांगू, मीही तो पुढे पाठवला, वर चार शब्द स्वतःचे लावून. मी टेकडीवरच राहते. डोकंच फिरलं होतं माझं.

नगराध्यक्षांनी लगोलग स्वतःचा व्हिडिओ टाकला, "माझं बोलणं तोडून दाखवलंय." त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. "आता घाबरून शब्द फिरवतोय," असंच सगळे म्हणाले. त्यांच्या व्हिडिओवाल्याकडे काही असेल म्हणावं, तर तो नेहमीप्रमाणे भाषणानंतर निघून गेला होता. सभेचं इतिवृत्त महिन्याने तयार होतं, आणि त्यात नुसते ठराव असतात.

मी तणतणत आत्याकडे गेले आणि व्हिडिओ तिच्या नाकासमोर धरला. तिने एकदा ऐकला.

"याच्या आधीचं कुठंय?" तिने विचारलं.

"आधीचं काय?"

"अगं, माणूस काय वाक्याच्या मधूनच बोलायला सुरुवात करतो?" तिने वही काढली, बोटाने ओळी शोधल्या आणि वाचून दाखवलं. मी खुर्चीत बसले. माझा चेहरा उतरलेला बघून ती म्हणाली, "ध चा मा काय पहिल्यांदा झालाय का? चल, चपला घाल."

नगरपालिकेच्या दारात शंभरेक माणसं होती. बायका रिकाम्या बादल्या घेऊन आलेल्या, आणि त्या बादल्या पायरीवर आपटत होत्या. नगराध्यक्ष आत खिडकीशी उभे होते. आत्या गर्दीतून वाट काढत वरच्या पायरीवर चढली. आवाज तिचा बारीक. पुढे उभी असलेली शिवणकाम करणारी बाई तिच्यावर डाफरली, "तुम्ही कोण? त्यांचं माणूस का?"

"मी कुणाचीच नाही. मी सभेला बसते आणि लिहून घेते. काल काय झालं ते वाचू का? ऐकून मग काय ते आपटा."

तिने सुरुवातीपासून वाचायला घेतलं, काही न गाळता. "सदस्य म्हणाले, पंखा बंद करा, कागद उडतात. शिपाई म्हणाला, बटण बिघडलंय. सदस्य म्हणाले, मग कागद माझ्यावर कशाला टाकता." मागून कुणीतरी हसलं. "हा आमच्या गल्लीतलाच! अगदी असंच बोलतो तो!" तिथून लोक ऐकू लागले. असलं काही कुणी बनवून लिहीत नाही, हे त्यांना पटलं असावं.

मग ती त्या वाक्यावर आली. "नगराध्यक्ष म्हणाले, टाकीचा तडा बुजवायला ती पाच दिवस रिकामी ठेवावी लागेल. त्या पाच दिवसांत टेकडीवरच्या वस्तीला पाणी मिळणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. म्हणून टँकर आजच ठरवा, उद्यावर टाकू नका."

बादल्या थांबल्या. खिडकीतल्या नगराध्यक्षांचा चेहरा उजळला, ते बाहेरही आले. पण आत्याचं वाचून संपलं नव्हतं. "अभियंता म्हणाले, तड्याचं मी पूर्वीच लेखी कळवलं होतं. नगराध्यक्ष म्हणाले, हो, फाइल माझ्याच टेबलावर होती. राहून गेलं."

पुन्हा गलका झाला, पण आता वेगळा. लोक विचारू लागले: टँकर किती वाजता येणार, कुठे थांबणार, फाइल इतके दिवस का राहिली. नगराध्यक्षांना तिथेच पायरीवर उभं राहून उत्तरं द्यावी लागली. समोर कॅमेरा नव्हता, त्यामुळे माणसांकडे बघूनच बोलले बिचारे. बराच घाम पुसला, पण पळाले नाहीत. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

गर्दी पांगल्यावर ते आत्याला म्हणाले, "बाई, उपकार झाले. पण ते फाइलीचं वाचायची काय गरज होती?"

"ते गाळलं असतं, तर टँकरचं तरी कुणाला खरं वाटलं असतं?"

नगराध्यक्ष हसलेच.

टाकीचं काम पाचाऐवजी आठ दिवस चाललं. टँकर उशिरा यायचा, पण यायचा. मी माझ्या मोबाइलवरून सगळ्यांना पूर्ण वाक्य पाठवलं आणि सोबत लिहिलं की आधीचं मी शहानिशा न करता पाठवलं होतं. दोघातिघांनीच ते वाचलं असेल. तरी लिहिलं.

नगराध्यक्षांनी आत्याला आपल्या प्रसिद्धी विभागात बोलावलं. ती म्हणाली, "नको. मग मला तुमचंच ऐकावं लागेल." त्याऐवजी तिने दोन गोष्टी मागितल्या. सभेपुढचे विषय तीन दिवस आधी बाहेरच्या फळ्यावर लावायचे, आणि मागच्या खुर्च्यांवरचे लाउडस्पीकर हलवायचे. विषय लगेच लागले. लाउडस्पीकर हलायला चार महिने गेले.

मग आतोबांनीच सुचवलं, की तू हे सगळं एका कागदावर काढ, मी झेरॉक्स करून देतो. तेव्हापासून दर गुरुवारी पाठपोट एक पान निघतं: सभेत काय ठरलं, कोण काय म्हणालं, कशाला कुणी विरोध केला. दुकानात, दवाखान्यात, वाचनालयात ते ठेवलेलं असतं. मी त्याचा फोटो काढून मोबाइलवर पाठवते. शिवणकाम करणारी ती बाई आता सभेला येऊन बसते, मांडीवर काजाबटणाचं काम घेऊन. शेजारच्या गावातून एक निवृत्त पोस्टमन आणि एक न्हावी शॉर्टहँड शिकायला येतात. न्हावी म्हणतो, "ऐकायचं काम तर मी जन्मभर करतोय. लिहायचंच तेवढं राहिलं होतं." नगराध्यक्षांचे व्हिडिओ अजून चालू आहेत. हल्ली ते भाषण आटोपतं घेतात.

गेल्या गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ तो कागद नाचवत दुकानात शिरले. "तुम्ही लिहिलंय, शाळेच्या उत्तरेला नवं गटार होणार. उत्तरेला माझं घर आहे! गटार दक्षिणेला आहे, दक्षिणेला!" आत्याने त्यांना बसवलं, चहा पाजला, वहीत बघितलं. चूक तिचीच होती. पुढच्या गुरुवारच्या पानावर पहिल्याच ओळीत दुरुस्ती छापायचं तिने कबूल केलं, आणि त्या संध्याकाळी हा किस्सा आतोबांना तीनदा सांगितला.

"चूक सापडली याचा एवढा आनंद?" आतोबांनी विचारलं.

"अहो, गटाराचं मी अगदी शेवटी लिहिलं होतं. कोपऱ्यात, बारीक अक्षरात. तिथपर्यंत वाचलं त्यांनी!"

रविवारी ती दोघं फिरत फिरत शाळेपर्यंत जाऊन आली. गटारासाठी खुणा मारलेल्या होत्या, दक्षिणेलाच.